काही शंका?

आमच्या सांगलीच्या कॉलेजात तास संपल्याची खूण घंटा नव्हती. घंटा शिपायाच्या मर्जीनं वाजायची. खरी खूण म्हणजे सरांचं “एनी डाउट्स?” विचारणं. हे शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत सरांनी हजेरीपट काखेत मारलेला असायचा, डस्टर उचललेलं असायचं आणि पहिल्या बाकावरच्या मुली वह्या मिटायला लागलेल्या असायच्या. आम्ही सगळे एका सुरात “नो सर” म्हणायचो आणि सर दाराबाहेर पडायचे. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत कुणी “येस सर” म्हटलेलं मला आठवत नाही. शंका नव्हत्या असं नाही, पोत्यानं होत्या. पण “एनी डाउट्स?” हा आपल्याला विचारलेला प्रश्न आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहितात ना, तसं ते होतं.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती यातूनच झाली. फजिती हा शब्द मी आता वापरते. तेव्हा मला कुठंतरी तोंड लपवावं असं वाटत होतं, आणि पुढची दोन वर्षं वाटतच राहिलं.

आमचं मूळ गाव मेढ्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. पण मी वाढले साताऱ्यात. वडील, म्हणजे आमचे आबा, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि शिरवळच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी चष्म्यातला, निळ्या कोटातला, हातात पुस्तक धरलेला तो फोटो. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात तो होता. परदेशी जाऊन मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेला माणूस रोज जेवताना समोर बघत असायचा. त्यामुळे “अजून शिकायचंय” असं मी म्हटलं, की घरात कुणी नाही म्हणायचं नाही.

स्वभाव माझा तापट. एस.टी.च्या कंडक्टरशी भांडण, भावांशी भांडण, मेसच्या पातळ आमटीवरून भांडण. पण हे सगळं बरोबरीच्या माणसांशी. टेबलाच्या पलीकडे बसलेला कुणीही असो, प्राचार्य, साहेब, बँकेतला अधिकारी, त्याच्यासमोर माझी वाचा जायची. आबांचंही तसंच. ते शाळेत दाराजवळ बसायचे. का बसायचे हे सांगायला नको. एकदा त्यांनी गुरुजींना धड्यातलं काहीतरी विचारलं, तर गुरुजी म्हणाले, “तुला कशाला रं नसत्या चौकशा?” त्यानंतर आबांनी शाळेत तोंड उघडलं नाही. पुढे सैन्यात गेले, आणि तिथं तर हुकूम ऐकायचा असतो. मोठ्या माणसानं विचारलं तेवढंच बोलायचं, हात मागं ठेवायचे, हे आम्ही भावंडं त्यांच्याकडे बघूनच शिकलो.

माझं काम हळदीच्या कंदकुजीवर होतं. सांगलीच्या आसपास हळद भरपूर, आणि पावसाळा लांबला की जमिनीतले गड्डे सडायला लागतात. त्या सडीमागची बुरशी वेगळी काढून, वाढवून, तिच्यावर उपाय शोधायचा असं ते काम. एम.एस्सी. झाल्यावर मी सरांच्या प्रयोगशाळेतच राहिले होते. सरांनी इंग्लंडमधल्या एका प्राध्यापकांना आमच्या बुरशीबद्दल लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, मग आणखी पत्रं गेली-आली, आणि एके दिवशी कळलं की त्यांच्याकडे पीएच.डी.साठी मला जागा आहे, राहण्याखाण्याची सोयही आहे. अट एकच. इंग्रजीची परीक्षा द्यायची. वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं, चारही भागांत ते म्हणतील तेवढे गुण पाहिजेत, आणि तेही ठरलेल्या तारखेच्या आत.

सरांना राग आला. त्यांनी विद्यापीठाला लिहिलं की या मुलीचं बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही इंग्रजी माध्यमातून झालेलं आहे, तिला परीक्षेची गरज नाही. तिकडून नम्र उत्तर आलं की गरज आहे.

“पाच वर्षं इंग्रजीतून शिकलेल्या पोरीची कसली परीक्षा घेतायत हे लोक?” सर म्हणाले. मराठीत म्हणाले.

इंग्रजी माध्यम म्हणजे काय होतं ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, फळ्यावरचं अक्षर इंग्रजी. आणि तास चालायचा तो असा: “हे बघा, फंगसचे हायफी एकदा का रूटमध्ये शिरले, की रूट कुजणार. दुसरं काय होणार?” उत्तरं आम्ही पाठ करायचो आणि पेपरात जशीच्या तशी उतरवायचो. मी पहिल्या वर्गात आले होते. इंग्रजीतून एक वाक्य स्वतः जुळवून कुणाशी बोलायची पाळी माझ्यावर आलेली नव्हती. सरांचं पत्र खोटं नव्हतं, पण ते वाचताना मी मान खाली घातली होती, आणि सरही खिडकीबाहेर बघत होते.

तयारी केली ती आमच्या पद्धतीनं. वाचण्या-लिहिण्याची धास्ती नव्हती. ऐकण्यासाठी कॅसेटी आणल्या. बोलण्यासाठी मी उत्तरं लिहून काढली. माझं गाव, माझं कुटुंब, माझा विषय, माझा छंद. छंद नव्हता, तो तयार केला. हॉस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत सगळं घोकलं. सर अधूनमधून ऐकायचे आणि म्हणायचे, “छान. आता कुठूनही विचारू देत.” परीक्षेत आपल्यालाच काही विचारायला लावतील, हे सरांच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

परीक्षा पुण्याला होती. आबांनी सुट्टी टाकली आणि माझ्याबरोबर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. शिरवळला गाडी थांबली तेव्हा स्टँडवर त्यांच्या कंपनीतले एक गार्ड दिसले, तर खिडकीतून ओरडून सांगितलं, “पोरीची विलायतेची परीक्षा हाय!” अख्ख्या गाडीनं माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात तोंड घातलं. ते गार्ड खालून म्हणाले, “मंग पेढं कवा?” आबा म्हणाले, “आवं, देतो की, दम धरा.”

सकाळचे लेखी भाग चांगले गेले. दुपारी बोलण्याची परीक्षा. एका लांब व्हरांड्यात बाकांवर आम्ही उमेदवार बसलो होतो आणि आबा शेवटच्या बाकावर. माझं नाव पुकारलं गेलं. आत एक पिकल्या केसांच्या परदेशी बाई होत्या, अंगात खादीचा कुडता. टेबलावर टेपरेकॉर्डर चालू. त्यांनी हसून बसायला सांगितलं. गाव कुठलं, घरी कोण, विषय कुठला. मी धडाधड सांगत सुटले. डोंगर, हळद, बुरशी, छंद. बाई मान डोलवत होत्या. मला वाटलं, जिंकलं.

मग बाई म्हणाल्या, आता तुम्ही मला काही प्रश्न विचारा. असं म्हणून त्या खाली वाकून कागदांत काहीतरी शोधायला लागल्या.

मला वाटलं, संपलं. सरांनी हजेरीपट उचलला.

“नो डाउट्स, मॅडम. थँक्यू, मॅडम,” असं म्हणून मी उठले. मोठ्यांना पाठ दाखवायची नाही म्हणून मागं मागं सरकत दारापर्यंत गेले, दार उघडलं आणि बाहेर पडले. आबा ताडकन उभे राहिले. तोंडभर हसत म्हणाले, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” तेवढ्यात आतून बाईंची हाक आली. बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या. एक मुलगी तोंडावर रुमाल धरून हसली. मी आबांकडे न बघता परत आत गेले.

बाईंच्या हातात एक कार्ड होतं. तेच त्या शोधत होत्या. त्यांनी समजुतीनं सांगितलं की हा परीक्षेचाच भाग आहे. कार्डावर लिहिलं होतं की परीक्षक नुकत्याच एका प्रवासाहून आल्या आहेत, त्यांना विचारून माहिती घ्या. कुठे गेला होता, कोणाबरोबर, कशानं, खर्च किती आला, पुन्हा जाल का.

आता हे प्रश्न काय अवघड आहेत? आमच्याकडे एस.टी.त शेजारी बसलेली बाई पुढचा थांबा यायच्या आत यापेक्षा जास्त विचारते. सकाळी येतानाच एकीनं मला लग्न का नाही केलं इथपर्यंत विचारून घेतलं होतं. आणि शब्दही सगळे कार्डावर होते, मी फक्त ते जोडायचे होते. पण समोर आईच्या वयाची बाई, परीक्षक, साहेब. तिला मी विचारायचं, तू कोणाबरोबर गेली होतीस? किती पैसे उडवलेस? माझे हात मांडीवर एकमेकांत अडकले. टेपरेकॉर्डर फिरत होता. बाई वाट बघत होत्या. त्यांनी भुवया उंचावून, हसून, “गो ऑन” असं दोनदा म्हटलं. शेवटी माझ्या तोंडून निघालं, “मॅडम, युवर जर्नी इज गुड?”

“यस,” बाई म्हणाल्या. आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिल्या. तो आला नाही.

तेवढ्यात माझे डोळे भरून आले आणि बाईंनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. त्या चांगल्या होत्या, त्यामुळे आणखीच लाज वाटली. पुढचं काय बोलले ते आठवत नाही. बाहेर आल्यावर आबांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, “चल, च्या घेऊ.” परत का बोलावलं, डोळे लाल का झालेत, एक शब्द विचारला नाही. मला बरं वाटलं. विचारलं असतं तर मी रस्त्यात ओरडले असते, इतका राग मला आला होता, स्वतःचा.

निकाल आला. तीन भागांत पाहिजे त्याहून जास्त. बोलण्यात अर्ध्या गुणानं कमी. तेव्हाच्या नियमानं लगेच पुन्हा बसता येत नव्हतं, आणि पुन्हा बसता येईल त्याआधी विद्यापीठाची मुदत संपत होती.

सरांनी निकालाचा कागद दोन्ही बाजूंनी बघितला. “अर्धा गुण,” ते म्हणाले. “अर्ध्या गुणासाठी.” मग कागदाची घडी घालत म्हणाले, “पण नियम आहे त्यांचा.” मी म्हटलं, “हो सर.” नियम म्हटल्यावर आम्हा दोघांपुरता विषय संपला. मी प्राध्यापकांना आभाराचं पत्र लिहिलं, गुण कमी पडल्याबद्दल क्षमा मागितली आणि आपला बहुमूल्य वेळ घेतल्याबद्दल पुन्हा एकदा क्षमा मागितली.

शिरवळच्या गार्डांना पेढे मिळाले नाहीत. सुट्टीत घरी गेले की वस्तीतल्या बायका विचारायच्या, “विलायतेला कवा गं?” आई म्हणायची, “जाईल की, कागदं व्हायचीत.” मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. तो निळ्या कोटातला फोटो बाहेरच्या खोलीत होता, म्हणून मी जेवायचं ताटसुद्धा आत न्यायला लागले. कुणी काही टाकून बोललं नाही. मला मात्र माझी इतकी लाज वाटायची, की साताऱ्याला जाणंच मी कमी केलं.

दोन वर्षांनी तेच प्राध्यापक भारतात आले आणि आमची हळद बघायला सांगलीला उतरले. कडेगावकडच्या एका शेतात आम्ही त्यांना नेलं. सर, मी, जीपचा ड्रायव्हर आणि हे उंच, किडकिडीत गृहस्थ, गुडघ्यापर्यंत चिखलात. हा माणूस तर प्रश्नांशिवाय बोलायचाच नाही. शेतकऱ्याला विचार, ड्रायव्हरला विचार, बांधावरच्या म्हाताऱ्या आजीला विचार. मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडं सांगत होते. दोन वर्षांत माझं इंग्रजी सुधारलं होतं. लाजेपायी रोज रेडिओ ऐकायचे.

जीपच्या बॉनेटवर चहाचे कप ठेवून आम्ही उभे होतो तेव्हा ते सहज म्हणाले, “आम्ही तुमची वाट बघितली. डिसेंबरपर्यंत जागा ठेवली होती.”

मला कळलंच नाही. ते म्हणाले, तुमच्यासारखेच दुसऱ्या एका मुलाचे गुण कमी होते. त्यानं पत्र लिहून मुदत मागितली, पुन्हा परीक्षा दिली आणि आला. तुमच्या पत्रात नुसती क्षमा होती, काही मागणं नव्हतं. आम्हाला वाटलं, तुम्हाला यायचं नसेल. मग हसून म्हणाले, “तुमच्या सरांनी शिफारशीत लिहिलं होतं की ही फार आज्ञाधारक मुलगी आहे, कधी उलट प्रश्न करत नाही. हे कौतुक आहे की धोक्याची सूचना, तेच मला समजेना.”

सर हळदीचं एक पान हातात घेऊन उलटंपालटं करत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. परत येताना जीपमध्ये ते हळूच म्हणाले, “मला सुचायला पाहिजे होतं गं.” मी म्हटलं, “मलाही, सर.” आम्ही दोघंही बाहेरच्या उसाकडे बघत सांगलीला आलो.

संध्याकाळी मी एस.टी.डी. बूथवरून शिरवळच्या गेटवर फोन लावला. आबा ड्यूटीवर होते. मी सांगितलं, “आबा, साहेब म्हणाले, तेव्हा विचारलं असतं तर जागा मिळाली असती.”

पलीकडे एका ट्रकचा हॉर्न वाजला. मग आबा म्हणाले, “मग आता इचार की.”

“आता कसं विचारू? दोन वर्षं झाली.”

“त्ये मला काय इचारतीस? त्याला इचार,” असं म्हणून त्यांनी गेट उघडायला फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विश्रामगृहावर गेले. प्राध्यापक व्हरांड्यात बुटाची नाडी बांधत होते. मी वाक्य पाठ करून गेले होते, ते ऐनवेळी विसरले. “अजून जागा आहे का?” एवढंच विचारलं. ते थांबले. विचार करून म्हणाले, “नाही. त्या कामाचे पैसे संपले. पुन्हा कधी निघालं तर कळवीन.” झालं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. एवढ्याशा ‘नाही’ला मी दोन वर्षं घाबरले होते. तिथंच उभी राहून मी आणखी एक विचारलं, “काल त्या शेतकऱ्याला तुम्ही लावणीच्या बेण्याबद्दल पुन्हा पुन्हा का विचारत होता?” ते दुसरा बूट तसाच ठेवून खुर्चीत मागं टेकले आणि जीप येईपर्यंत आम्ही बेण्यावर बोलत बसलो.

शनिवारी मी साताऱ्याला गेले. आबा बाहेरच्या खोलीत फोटोखाली बसून बुटांना पॉलिश करत होते.

“काय म्हणला सायेब?”

“नाही म्हणाले.”

“बरं.” त्यांनी ब्रश दोनदा फिरवला. मग बूट खाली ठेवला. “मी एक इचारू का?”

आबा माझी परवानगी मागत होते.

“त्या दिशी पुन्यात तू भाईर आलीस, झालं म्हणलीस, आन् त्या बाईनं तुला माघारी बोलावलं. आत काय झालं हुतं?”

मी म्हटलं, “दोन वर्षं मनात ठेवलंत? तेव्हाच का नाही विचारलं, आबा?”

ते बुटाकडेच बघत होते. “तू लय शिकल्याली,” ते म्हणाले. “तुला कसं इचारायचं?”

इतकी लाज मला परीक्षेच्या त्या खोलीतसुद्धा वाटली नव्हती. मी त्यांच्याजवळ खाली फरशीवर बसले, दुसरा बूट उचलला, आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागले.